वाचकांचे प्रश्न : कॅम बदलला, आता स्प्रिंग कोणती?

खानापूर, निपाणी, अथणी आणि बेळगावच्या उद्यमबाग परिसरातून आलेली काही पत्रे एकाच विषयाची आहेत. इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलला किंवा हेडचे काम काढले, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कशा निवडाव्यात, हा तो विषय. पहिल्या पत्राचे उत्तर विस्ताराने दिले आहे, कारण उरलेल्या पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्याच हिशेबात आहे.

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक वाचक) : माझ्याकडे तेराशे सीसीची जुनी जिप्सी आहे. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात चिखलातून आणि कधीमधी ऑटोक्रॉस स्पर्धेत मी ती चालवतो. आता हेड उतरवून त्यात बाहेरचा कॅम बसवण्याचे ठरवले आहे. कॅमसोबत आलेल्या कागदावर व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे तो उघडतो ते अंतर, १० मिलिमीटर लिहिली असून ती मूळ कॅमपेक्षा जास्त आहे. आमचे मिस्त्री म्हणतात की मूळ स्प्रिंगच चालतील. दुकानदाराने डबल स्प्रिंगचा संच पुढे केला आहे. एका मित्राचे म्हणणे असे की मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग घालावी. इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत नेण्याचा विचार आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तिघांपैकी कोणाचेही मोजमापाशिवाय ऐकू नये. व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक किंवा नरम या शब्दांवर निवडता येत नाही; ती तीन आकड्यांवर निवडली जाते. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग किती जोर लावते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना तो जोर किती होतो, आणि हेडमध्ये बसवल्यावर तिची उंची किती राहते, हे ते तीन आकडे होत. आपण ज्या कमाल फेऱ्यांपर्यंत इंजिन खरोखर नेणार आहात, तिथे व्हॉल्व्हला कॅमच्या ताब्यात ठेवणारी आणि त्यासाठी लागेल तेवढाच, वर थोडी सुरक्षित राखीव धरून, जोर लावणारी स्प्रिंग ही योग्य स्प्रिंग. त्याहून जास्त जोराचा इंजिनाला उपयोग नाही, आणि त्याची किंमत मात्र कॅम आणि रॉकर मोजतात.

व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅम करतो. स्प्रिंगचे खरे काम त्यानंतर सुरू होते. कॅमच्या चढावर व्हॉल्व्ह वेगाने ढकलला जातो, आणि माथ्याकडे जाताना त्याला आवरून, थांबवून परत फिरवावे लागते. या टप्प्यात व्हॉल्व्ह, रिटेनर म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावरची बशी, तिला व्हॉल्व्हच्या दांडीवर अडकवणारे लॉक आणि कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा रॉकर यांचे वस्तुमान पुढेच जाऊ पाहते आणि त्याला कॅमवर दाबून धरणारी एकमेव गोष्ट म्हणजे स्प्रिंग. लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सहा हजारांवरून सात हजारांवर जाताना फेऱ्या सतरा टक्के वाढल्या तरी जोराची गरज सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, आणि आठ हजारांवर गेल्यास ती सहा हजारांच्या जवळजवळ पावणेदोन पट होते. "थोडेसेच जास्त फिरवायचे आहे" असे म्हणणाऱ्यांनी हा वर्गाचा हिशेब आधी लक्षात घ्यावा.

जोर कमी पडला की व्हॉल्व्ह कॅमचा आकार सोडून आपल्याच गतीने जातो, रॉकर आणि कॅम यांत क्षणभर फट पडते, आणि परतताना व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बसण्याच्या कडेवर, हळुवार न टेकता आपटतो, उसळतो व पुन्हा आपटतो. यालाच व्हॉल्व्ह तरंगणे म्हणतात. वरच्या फेऱ्यांवर इंजिन अडखळते, ताकद अचानक तुटते, आणि पुष्कळदा दोष प्लग किंवा कॉइलचा समजून त्यांच्यावर पैसे खर्च होतात. असे इंजिन वारंवार फिरवत राहिल्यास सीट आणि व्हॉल्व्हची कड खराब होते, लॉक सैल होतात आणि उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हला पिस्टन गाठतो.

केवळ लिफ्टच्या आकड्यावरून स्प्रिंग ठरवणेही बरोबर नाही. १० मिलिमीटर लिफ्टचे दोन कॅम असतील आणि त्यांतील एकाने व्हॉल्व्ह फिरण्याच्या कमी अंशांत उघडून मिटवला, तर त्याच्या बाजू अधिक उभ्या असतात, वेगातील बदल अधिक तीव्र असतो, आणि त्याला अधिक जोराची स्प्रिंग लागते. म्हणून कॅम घडवणाऱ्याकडून बंद आणि उघड्या स्थितीतील शिफारशीचे जोर, आणि ते कोणत्या उंचीला धरले आहेत, एवढे लेखी मागावे. आपल्या कागदावर केवळ लिफ्ट असेल, तर तो कागद अपुरा आहे. विक्रेता हे आकडे देऊ शकत नसेल, तर तो कॅम घेण्याचा पुनर्विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हिशेब पाहू. खालील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, आपल्या जिप्सीचे नव्हेत; आपले आपण मोजायचे आहेत. समजा, मूळ स्प्रिंगची तार ३.६ मिलिमीटर जाडीची आहे, वेटोळ्यांचा सरासरी व्यास २४ मिलिमीटर आहे, टोकांसह एकूण साडेसहा वेटोळी आहेत आणि त्यांपैकी साडेचार काम करणारी आहेत. अशा पोलादी स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला सुमारे २६.७ न्यूटन येतो. बसवलेली उंची ३५ मिलिमीटर आणि बंद स्थितीतील जोर २१० न्यूटन, म्हणजे साडेएकवीस किलोच्या आसपास, असेल, तर मूळ कॅमच्या, समजा, ८.५ मिलिमीटर लिफ्टला जोर ४३७ न्यूटन होतो. तीच स्प्रिंग १० मिलिमीटर लिफ्टच्या कॅमखाली ठेवली तर ती अधिक दाबली गेल्यामुळे जोर आपोआप ४७७ न्यूटनपर्यंत जातो. लिफ्ट वाढली की उघडा जोर थोडा वाढतोच, ही गोष्ट आपल्या मिस्त्रींच्या बाजूची आहे. मात्र ही वाढ नऊ टक्क्यांची आहे आणि सात हजारांची गरज सहा हजारांच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी वाढली आहे. कारखान्याने मूळ स्प्रिंगमध्ये काही राखीव ठेवलेली असते हे खरे, पण ती पुरेल की नाही हे अंदाजाने नव्हे, कॅमच्या शिफारशीशी ताडूनच ठरेल.

दुसरा हिशेब जागेचा. सर्व वेटोळी एकमेकांना भिडली की वरील स्प्रिंगची उंची साडेसहा गुणिले ३.६, म्हणजे २३.४ मिलिमीटर होते. ३५ मधून ती वजा केली की ११.६ मिलिमीटरची वाटचाल उरते. १० मिलिमीटर लिफ्टनंतर शिल्लक १.६ मिलिमीटर. सर्वसाधारण नियम असा की पूर्ण लिफ्टला निदान एक ते दीड मिलिमीटर मोकळीक राहिलीच पाहिजे, कारण वेगात स्प्रिंग स्वतःही थरथरते आणि तिची काही वेटोळी इतरांपेक्षा जास्त जवळ येतात. आपल्या मिस्त्रींचे म्हणणे या उदाहरणात काठावर का होईना, पण जागेच्या बाबतीत टिकते.

आता मित्राची कडक स्प्रिंग घेऊन पाहा. व्यास आणि वेटोळी तीच, तार केवळ ०.२ मिलिमीटर जाड, म्हणजे ३.८ मिलिमीटर. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे ती २४ टक्क्यांनी कडक होते, आणि हाताला तो फरक लगेच जाणवत असल्यामुळे दुकानात तीच चांगली वाटते. परंतु भिडलेली उंची आता २४.७ मिलिमीटर झाली, वाटचाल १०.३ उरली, आणि १० मिलिमीटर लिफ्टला शिल्लक राहिली ०.३. म्हणजे कागदावर मोठी, कडक आणि महाग स्प्रिंग प्रत्यक्षात भिडण्याच्या उंबरठ्यावर आहे. वेटोळी भिडली की त्या क्षणी स्प्रिंगच्या जागी घन पोलादाचा तुकडा उभा आहे असे समजा. कॅम फिरत राहतो, जायला जागा नसते, आणि रॉकर मोडतो, कॅमचा माथा खरवडतो किंवा लॉक सुटून व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. कडकपणाच्या मागे लागून जागेचा हिशेब न केल्यामुळे इंजिन जाते, आणि दोष मात्र कॅमवर येतो. हे टाळण्यासाठी लागणारी उपकरणे म्हणजे एक व्हर्नियर आणि एक डायल गेज. बेळगावात ती नसलेले मशीन शॉप सापडणे कठीण आहे.

बसवलेली उंची हा या सगळ्याचा पाया असून नेमकी तीच न मोजता गृहीत धरली जाते. आपल्या जुन्या हेडच्या सीट एकदा तरी कापलेल्या असण्याचा संभव मोठा आहे. सीट कापली किंवा व्हॉल्व्हची कड घासली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो, त्याची दांडी वर येते, रिटेनर वर जातो आणि स्प्रिंग सैल पडते. वरील उदाहरणात अर्धा मिलिमीटर सीट कापल्यास बंद जोर सुमारे १३ न्यूटनने घटतो. नवी स्प्रिंग घालूनही इंजिन वरच्या फेऱ्यांना अडखळते, त्याचे कारण अनेकदा इथे असते. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतंत्रपणे मोजावा. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक बसवून दांडी वर ओढून धरावी आणि हेडवरील स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. आपल्या इंजिनाला जितके व्हॉल्व्ह, तितकी मापे वहीत लिहावीत. ज्यांची उंची जास्त आहे त्यांच्या स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून सर्व एका उंचीवर आणावेत. उंची कमी असेल तर शिम उपयोगी नाही. त्या वेळी वेगळ्या खोलीचा रिटेनर शोधणे बरे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधील बैठक खोल करताना खालच्या पाण्याच्या पोकळीपर्यंत किती धातू उरला आहे ते बाहेरून दिसत नाही. ॲल्युमिनियमवर स्प्रिंग थेट कधीही ठेवू नये. खाली पोलादी वॉशर हवाच, आणि उंची त्या वॉशरसह मोजावी.

लिफ्टही कागदावरची न धरता व्हॉल्व्हवर मोजावी. आपल्या इंजिनात वरच्या बाजूला एकच कॅमशाफ्ट असून तो रॉकरमार्फत व्हॉल्व्ह चालवतो. अशा रचनेत कॅमच्या लोबची, म्हणजे उंचवट्याची, उंची आणि व्हॉल्व्हची लिफ्ट यांत रॉकरच्या गुणोत्तराचा फरक असतो, आणि विक्रेता त्यांतील कोणता आकडा सांगतो आहे हे दर वेळी स्पष्ट नसते. त्यातच आपल्याकडे मिळणारे पुष्कळसे कॅम हे मूळ कॅमचेच लोब पुन्हा घासून, खालचे वर्तुळ लहान करून लिफ्ट वाढवलेले असतात. तसा कॅम असेल तर रॉकर वेगळ्या कोनात बसतो आणि टॅपेटच्या, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांतील फट नेमणाऱ्या, स्क्रूची हद्द संपू शकते. हलकी चाचणी स्प्रिंग घालून, टॅपेटची फट नेमून दिल्याप्रमाणे ठेवून, रिटेनरवर डायल गेज लावून इंजिन हाताने पूर्ण फिरवावे. त्याच वेळी रिटेनरची खालची कड व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर टेकत नाही ना, हे पाहावे. पूर्ण लिफ्टला तिथे दीड मिलिमीटर अंतर हवे. सील दाबला गेला की तेल जळू लागते आणि धूर पाहून लोक पिस्टन रिंगांना दोष देतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतील अंतरही याच वेळी तपासावे. इनलेटला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर ही सहसा मानली जाणारी किमान मर्यादा आहे.

राहिला डबल स्प्रिंगचा संच. दोन स्प्रिंग म्हणजे दुप्पट ताकद, हा समज अपुरा आहे. प्रत्येक स्प्रिंगला स्वतःची कंपनसंख्या असते. उदाहरणातील स्प्रिंगची ती सेकंदाला जवळजवळ ५०० येते. सात हजार फेऱ्यांना कॅमशाफ्ट सेकंदाला ५८ वेळा फिरतो, आणि त्याच्या धक्क्यांचे आठवे-नववे पट या ५०० च्या जवळ पोहोचतात. तसे झाले की वेटोळ्यांतून लाटा धावतात आणि काही क्षण स्प्रिंगचा जोर नेमलेल्यापेक्षा कमी पडतो. फेऱ्या जितक्या वाढवाव्यात तितके खालचे, म्हणजे अधिक जोरकस पट कंपनसंख्येला गाठतात. दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या स्प्रिंग, विशेषतः आतली बाहेरच्या अंगाला किंचित घासून बसत असेल तर, या लाटा मारतात, आणि एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्ह धरून ठेवते. हे दोन्ही खरे फायदे आहेत. पण आतल्या स्प्रिंगला गाइड आणि सील यांच्याभोवती जागा हवी, रिटेनरला दोन पायऱ्या हव्यात, आणि भिडण्याचा हिशेब दोन्ही स्प्रिंगांसाठी वेगवेगळा करावा लागतो, कारण बरेचदा आतली आधी भिडते. शिवाय दुसऱ्या स्प्रिंगचे वजन वाढते, आणि स्प्रिंगच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्हॉल्व्हबरोबर हलणाऱ्या वस्तुमानात धरावा लागतो. दहा मिलिमीटर लिफ्ट आणि सात हजार फेऱ्या एवढीच अपेक्षा असेल, तर वर निमुळती होत जाणारी, मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराची एकेरी स्प्रिंग आणि तिचा छोटा, हलका रिटेनर मिळतो का ते आधी पाहावे, असा माझा सल्ला राहील. तिच्या वेटोळ्यांचा व्यास बदलत असल्यामुळे ती एका ठरावीक कंपनात सहजी सापडत नाही, आणि वरचे वजन घटल्यामुळे कमी जोरात अधिक फेऱ्या मिळतात. हलणारे वजन कमी करणे हा जोर वाढवण्यापेक्षा नेहमीच श्रेष्ठ मार्ग आहे.

जादा जोराचे नुकसान इंजिनाच्या ताकदीत फारसे दिसत नाही, कारण व्हॉल्व्ह मिटताना स्प्रिंग घेतलेल्या कामाचा मोठा भाग कॅमला परत देते. नुकसान होते ते कॅमच्या पृष्ठभागाचे. ओतकामाच्या कॅमचे माथे थंड साच्याने कठीण केलेले असतात, हे आपल्या भागातील फाउंड्रीत काम केलेल्यांना सांगायला नको. तो कठीण थर पातळ असतो, आणि लोब पुन्हा घासलेला असेल तर आणखी पातळ. त्यावर रॉकरचा पृष्ठभाग सरकत जातो, मध्ये तेलाचा अतिशय पातळ पडदा, आणि वरून गरजेपेक्षा जास्त दाब. नवा कॅम पहिल्यांदा सुरू करताना लोबवर घट्ट असेंब्ली ग्रीस लावावे, इंजिन मंद न ठेवता पहिली पंधरा-वीस मिनिटे दोन ते अडीच हजारांच्या दरम्यान फेऱ्या बदलत चालवावे, आणि डबल स्प्रिंग असल्यास हा पहिला काळ केवळ बाहेरच्या स्प्रिंगवर काढावा. शेवटी एक आठवण. नोंदणीकृत वाहनातील बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या मर्यादा आहेत. स्पर्धेची गाडी आणि रोजची गाडी वेगळी ठेवता आली तर उत्तम.

प्रश्न (निपाणी येथील वाचक) : माझ्या वडिलांची ओतीव लोखंडी बॅरलची जुनी ३५० बुलेट आहे. तिला जास्त लिफ्टचे कॅम घालणार आहे. अधिक फेऱ्या मिळाव्यात म्हणून कडक स्प्रिंग घालू का?

उत्तर : या इंजिनाचा बोर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. एवढ्या लांब स्ट्रोकला ५५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो आणि ६५०० वर तो साडेएकोणीसपर्यंत जातो. जुन्या क्रँकपिनसाठी आणि कनेक्टिंग रॉडसाठी हा फार मोठा भार आहे. म्हणजे आपल्या इंजिनाची मर्यादा स्प्रिंगमध्ये नसून खालच्या भागात आहे, आणि कडक स्प्रिंग घालून ती हलणार नाही. कॅममुळे मधल्या फेऱ्यांत श्वास मोकळा होईल तेवढा लाभ घ्यावा.

या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हला मुळातच आत-बाहेर दोन स्प्रिंग असतात, आणि कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंत टॅपेट, पुशरॉड व रॉकर अशी साखळी आहे. जादा जोर या साखळीतील प्रत्येक सांध्यावर पडतो; टॅपेटचा पाय आणि कॅम आधी झिजतात. पुशरॉडच्या खालच्या टोकाशी असलेली सेटिंग थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी मोकळा फिरेल अशी ठेवायची असते; ती पुन्हा पुन्हा सैल होऊ लागली, तर झीज सुरू झाली असे समजावे. चांगल्या प्रतीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग घ्या, दोन्ही स्प्रिंगांची भिडण्याची मोकळीक नव्या लिफ्टला मोजा आणि पुरेशी असेल तर तिथेच थांबा.

प्रश्न (उद्यमबाग येथील सीएनसी ऑपरेटर) : आमच्या भागात हायड्रॉलिक व्हॉल्व्हसाठी स्प्रिंग वळणारे कारागीर आहेत. माप दिले तर ते कोणतीही स्प्रिंग करून देतात. मग इंजिनाची व्हॉल्व्ह स्प्रिंग इथेच का करून घेऊ नये?

उत्तर : आपल्या भागाच्या कारागिरीवर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तरीही उत्तर नाही असेच आहे. अडचण मापाची नाही, थकव्याची आहे. इंजिन सहा हजारांवर फिरत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह स्प्रिंग मिनिटाला तीन हजार वेळा दाबली जाते, म्हणजे तासाला १ लाख ८० हजार वेळा, आणि दहा तासांत १८ लाख वेळा. तारेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारी एखादी रेघ, खाच किंवा कार्बन जळून मऊ झालेला थर असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधील स्प्रिंगला इतक्या आवर्तनांना सहसा तोंड द्यावे लागत नाही, म्हणून तिथे चालणारी तार इथे चालेलच असे नाही.

व्हॉल्व्ह स्प्रिंगची तार ही तेलात कठीण केलेली क्रोम-सिलिकॉन किंवा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते, आणि युरोपीय ईएन १०२७०-२ या मानकात अतिशय जास्त आवर्तने सोसणाऱ्या तारांचा व्हीडी हा वेगळा वर्ग आहे. व्हीडी-एसआयसीआर असे लिहिलेले दिसले तर ती त्या वर्गातील क्रोम-सिलिकॉन तार होय. साधी म्युझिक वायर थंडीत उत्तम असते, पण सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पुढे तिचा जोर उतरू लागतो. क्रोम-सिलिकॉन २५० अंशांच्या आसपास टिकते. तार योग्य मिळाली तरी वळल्यानंतर ताण घालवण्यासाठी भट्टी, टोके घासणे, पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून तिथे दाबाचा ताण निर्माण करणे, आणि शेवटी स्प्रिंग पूर्ण दाबून बसवून घेणे, एवढ्या पायऱ्या नियंत्रित रीतीने व्हाव्या लागतात. गोळ्यांचा मारा वगळला की स्प्रिंग दिसायला तशीच असते आणि आयुष्य मात्र फार घटते.

आपण ज्या कामात खरोखर मोलाची भर घालू शकता ते काम तपासणीचे आहे. विकत आणलेल्या संचातील प्रत्येक स्प्रिंग बसवलेल्या उंचीला आणि पूर्ण लिफ्टच्या उंचीला किती जोर देते, ते मोजून द्यावे. स्प्रिंग टेस्टर नसेल तर ड्रिल मशिनच्या टेबलावर वजनकाटा ठेवून, चकात सपाट डोक्याचा दांडा धरून, व्हर्नियरने उंची ठरवून स्प्रिंग दाबावी. काट्यावरील किलोला ९.८१ ने गुणले की न्यूटन मिळतात. मशीन अर्थातच बंद ठेवावे आणि स्प्रिंग निसटणार नाही अशी मध्ये सळई घालावी. परदेशी संचाच्या कागदावर पौंड आणि इंच असतील, तर एक पौंड म्हणजे ४.४५ न्यूटन, आणि इंचाला एक पौंड हा कडकपणा म्हणजे मिलिमीटरला ०.१७५ न्यूटन. संचातील ज्या स्प्रिंगचा जोर इतरांपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वेगळा आहे, ती बदलून घ्यावी. अचूक जाडीचे आणि समांतर घासलेले शिम आपल्याकडील ग्राइंडरवर उत्तम होतात, आणि ते सहजासहजी बाजारात मिळत नाहीत. स्प्रिंग पक्कडीत किंवा व्हाइसच्या जबड्यात थेट धरू नये, आणि गंज काढण्यासाठी आम्लात बुडवू नये. आम्लामुळे हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होते.

प्रश्न (अथणी तालुक्यातील ऊस वाहतूक करणारे वाचक) : ट्रॅक्टरच्या इंजिनाचे हेड काढले आहे. कॅम मूळचाच आहे. दोन ट्रॉल्या ओढायच्या असल्यामुळे स्प्रिंग कडक घालाव्यात असे एकाने सुचवले. योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. ओढीचा भार पिस्टनवर आणि क्रँकवर येतो. व्हॉल्व्ह स्प्रिंगला केवळ फेऱ्या आणि कॅमचा आकार कळतो, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या फेऱ्या गव्हर्नर दोन-अडीच हजारांच्या आसपास रोखतो. मूळ क्रमांकाच्या स्प्रिंग पुरेशा आहेत. जुन्या परत घालायच्या असतील तर मोकळी उंची पुस्तकातील मापाशी ताडावी, सपाट पाट्यावर उभी करून गुण्याला लावून पाहावी, आणि झुकलेली, गंजाने खड्डे पडलेली किंवा उंची घटलेली स्प्रिंग टाकून द्यावी. सीट कापून घेतल्या असतील, तर वर सांगितल्याप्रमाणे बसवलेली उंची मोजून शिम घालावेत. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत अंतर फारच थोडे असते. तिथे एक स्प्रिंग तुटली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. म्हणून गळिताच्या हंगामापूर्वी हेड उघडलेच आहे, तर शंकास्पद स्प्रिंग परत घालू नये. आणि उतारावर भरलेल्या ट्रॉल्या मागून ढकलत असताना खालचा गिअर टाकल्यास चाके इंजिनाला गव्हर्नरच्या पलीकडे फिरवतात. व्हॉल्व्ह तरंगण्याचा धोका ट्रॅक्टरला असतो तो अशा वेळी, म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर ठरवून त्यावरच खाली यावे.